निम्म्या किमतीचा साज

बेंदूर सहा दिवसांवर येऊन ठेपला होता आणि शांभवीच्या फोनवर सकाळपासून एकही ऑर्डर वाजली नव्हती.

वाजली नव्हती म्हणजे अक्षरशः वाजली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक आलं की फोननं देवळातल्या घंटेसारखा टोल द्यावा, अशी सोय तिनं करून ठेवली होती. आज ती घंटा मुकी झाली होती. तिनं दोनदा फोन बंद करून चालू केला. परसात जाऊन रेंज बघितली. शेवटी अप्पांच्या फोनवर स्वतःच्याच दुकानाचं पान उघडलं, की बाबा दुकान तरी जागच्या जागी आहे ना.

दुकान जागच्या जागी होतं. ‘नंदीसाज, कोल्हापूर’ असं नाव, त्याखाली लाल पट्टीवर ‘बेंदूर सेल, पंचवीस टक्के सूट’, आणि त्याखाली बैलांच्या साजाचे फोटो. तोंडावर बांधायची म्होरकी, गळ्यातला लोकरीचा जाड कंडा, शिंगांना लोंबणारे गोंडे, पाठीवरची आरशांची झूल. अशा ऐंशी बैलजोड्यांचा साज गंगावेशीतल्या त्यांच्या घरात, मागच्या खोलीत, थेट आढ्यापर्यंत रचून ठेवला होता. विकल्या गेल्या होत्या दोन जोड्या. त्यातली एक तिच्या पुण्याच्या मैत्रिणीनं दिवाणखान्यात टांगायला घेतली होती.

आता सेल कधी लावायचा यावर शांभवीनं काय कमी विचार केला होता? कोल्हापूरच्या मुलखात बैलांचा सण दोनदा येतो. सीमेकडच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, आणि पन्हाळ्याच्या अंगाला आषाढात दुसरा. अप्पांचं पिढीजात गिऱ्हाईक सीमेकडचं, म्हणून तिनं ज्येष्ठी पौर्णिमा धरली. पुण्यात तीन वर्षं ती एका कपड्यांच्या ऑनलाइन दुकानात कामाला होती. तिथं शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. सणाच्या वीस दिवस आधी दहा टक्के सूट, दहा दिवस आधी पंचवीस, आणि शेवटच्या आठवड्यात निम्मी किंमत. गिऱ्हाईक टपून बसतं आणि शेवटी तुटून पडतं. दिवस मोजून, तिथी बघून तिनं एकेक पायरी लावली होती. आणि गिऱ्हाईक काही तुटून पडत नव्हतं.

नुसता मालाचा प्रश्न असता तर ती एवढी घायकुतीला आली नसती. प्रश्न अप्पांचा होता.

सिद्धलिंग अप्पा चाळीस वर्षं साज करत आले होते. दिवाळीत शांभवीची आई गेली, आणि त्या दिवसापासून या माणसाचं बोलणंच आटलं. हातात लोकर आणि दाभण असलं की ते माणूस असायचे. नसलं की भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाठोड्यासारखे बसून राहायचे. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच्या तसं परत यायचं. ते बघून शांभवी पुण्याची नोकरी सोडून घरी आली आणि तिनंच त्यांना कामाला लावलं. “अप्पा, ऐंशी जोड्या करा. विकायचं माझ्यावर सोडा.” अप्पांनी मान हलवली होती. पौष ते वैशाख त्यांची बोटं थांबली नाहीत. मात्र काम संपल्यावर त्यांनी दाभण कापडात गुंडाळलं आणि सांगून टाकलं, “या बेंदराला माल उठला तर पुढं बघू. न्हाय उठला तर मी दाभण खाली ठेवलं. मग ही खोली सम्राटला देऊ. त्याला बाटल्यांच्या गोदामाला जागा पायजेच हाय.”

सम्राट म्हणजे अप्पांच्या बहिणीचा मुलगा. पोरगा चांगला होता, स्वतःहून काही मागणारा नव्हता. पण ते ऐकताना शांभवीला खोलीचं काही ऐकूच आलं नाही. तिला एवढंच कळलं, की दाभण खाली गेलं की ताट रोज परत येणार. आणि अशी परत येणारी ताटं किती दिवस चालतात, हे तिनं आजोबांच्या वेळी डोळ्यांनी बघितलं होतं.

दुपारी तिनं नंदीकेश्वराला मनातल्या मनात हात जोडले आणि पंचवीस खोडून पन्नास केलं. निम्मी किंमत. अप्पांना सांगितलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं, पण वाटलं तर वाटलं.

घंटा तरीही वाजली नाही. वाजला तो साधा फोन. कबनूरहून बसम्मा आत्ती. अप्पांची थोरली बहीण, सम्राटची आई.

“काय ग, उठला का माल?”

“न्हाय आत्ती. कायसुद्धा न्हाय.”

“मग फोनकडं बघत बसून उठणार हाय व्हय? हिकडं ये की. मठात कीर्तनाचे सात दिवस चाललेत. आजूबाजूच्या गावचं सगळं बैलवालं येतंय. दोन जोड्या बांधून आण. माणसानं वस्तू हातात घेऊन बघितली पायजे. फोटोला काय वास येतोय?”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली तशी शांभवी दोन जोड्यांचं बोचकं स्कूटरवर बांधून कबनूरला पोचली. यंत्रमागांचा खडखडाट गल्लोगल्ली चालू होता, पण मठाच्या चौकात शिरलं की तो मागं पडायचा आणि टाळ-मृदंगाचा आवाज पुढं यायचा. मंडप भरला होता. बायका एका अंगाला, गडी एका अंगाला. मधोमध बुवा उभे, गळ्यात वीणा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला. अहाहा, काय आवाज होता! वरच्या पट्टीत गेला की मंडपाचं कापड हलल्यासारखं वाटावं आणि खाली आला की शेजारच्या माणसानं कानात गुज सांगावं.

बुवांनी नंदीचं आख्यान लावलं होतं.

“बसलाय बघा दारात,” बुवा म्हणाले. “युगं झाली. जाणारा-येणारा त्याच्या शिंगांतनं देवाला बघतोय, कानात आपापली गाऱ्हाणी सांगतोय. त्यानं कधी म्हटलं का, की आता पुरे, मला चारा टाका? आणि तुम्ही! दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालता. घाला, त्यानंसुद्धा कष्ट केलेत. पण मला सांगा पाटील, तुम्ही आजारी पडला तेव्हा ट्रॅक्टर गोठ्यातनं मान वळवून तुमच्याकडं बघत हुता का?”

मंडप हसला. पाटील सगळ्यांत जोरात हसले. मृदंगवाल्यानं थाप दिली आणि नामाचा गजर सुरू झाला. शेकडो टाळ्या एका ठेक्यात पडायला लागल्या. कीर्तनात माणूस आपलं ओझं घेऊन येतो आणि गजराच्या वेळी ते आपसूक खांद्यावरून उतरतं. शांभवीनंही टाळी धरली. लहानपणापासून धरली होती. पण आज तिच्या टाळीचा ठेका दोनदा चुकला. डोळे बुवांवर होते आणि मन गडीमाणसांच्या रांगेत हिंडत होतं. कुणाकडं किती बैल असतील, कोण घेईल, कोण घेणार नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला. बसम्मा आत्तीनं वेळ दवडला नाही. मंडपाच्या खांबाशी सतरंजीवर साज मांडला आणि खणखणीत आवाजात हाळी दिली, “या की पावणं! सिद्धलिंगाच्या हातचं हाय, बघून तर जावा!”

माणसं जमली. पुढं आले पिराजीतात्या. सत्तरीचे, मोठ्या पागोट्याचे. शर्यतीच्या बैलांमुळं त्यांचं नाव चार गावांत होतं. त्यांनी कंडा उचलला, उजेडात धरला, लोकर अंगठ्यानं दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हात त्योच हाय. रंग बघा कसा बसलाय. पोरी, सिद्धलिंगाची तू? तुझ्या बाच्या हातचा कंडा माझ्या पाखऱ्याच्या गळ्यात नऊ वर्सं हुता.”

शांभवी पुढं सरकली. जमलं, तिला वाटलं. देवा, जमलं.

तात्यांचं बोट कंड्यावरून फिरत फिरत टोकाला आलं. जिथं कंडा गळ्यात बांधायचा आणि गोंडा अडकवायचा, तिथं एक जाड, दुहेरी गाठ होती. बोट तिथं थांबलं. तात्यांनी दुसरा कंडा उचलला. त्यालाही गाठ. त्यांनी दोन्ही कंडे हळूच खाली ठेवले, एखाद्याच्या घरातली वस्तू चुकून उचलली असावी तसे.

“ह्यो कुणाच्या दावणीचा?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे? नवा आहे तात्या. घरी केलेला.”

“नवा? मग गाठ कुणाच्या नावाची?”

शांभवीला काही कळेना. ती म्हणाली, “गाठ तशीच असते ना? पॅकिंगला बरं पडतं.”

मागून धोंडुबाई नावाची एक म्हातारी पुढं घुसली. “आमच्या सुनंनं फोनवर दावलं मला. तेजस्वी म्हणाली, आत्याबाई, निम्म्या किमतीला लावलाय. तवाच म्हटलं मी, निम्म्या किमतीत नवा साज कोण देतंय? बाजार दावलेल्या जनावरांच्या गळ्यातनं उतरवलेलं असणार.”

“ए धोंडे!” बसम्मा आत्ती कडाडली. “तोंड सांभाळ. माझ्या भावाचं काम हाय ते!”

“तुझ्या भावाचं काम न्हाय कोण म्हणतंय? पण कुणाच्या बैलाचं उतरवलं ते सांग की!”

पिराजीतात्या भांडले नाहीत. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पागोटं नीट केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, बैल मेला तर त्याचा साज त्याच्यासंगं मातीत जातोय. विकला तर त्याच्यासंगं जातोय. एकाचं उतरवून दुसऱ्याला आम्ही घालत न्हाय. वर्साचा एक दिवस असतोय त्याचा. त्या दिवशी त्याला दुसऱ्याचं नेसवायचं?” आणि ते निघून गेले. त्यांच्या मागं बाकीचेही पांगले. सतरंजीवर दोन जोड्या आणि भोवती प्रसादाच्या द्रोणांचा पाचोळा राहिला.

मागांच्या खडखडाटातून दोघी आत्तीच्या घराकडं चालल्या. आत्ती भरभर पुढं चालत होती. मग एकदम थांबली.

“गाठी कुणी मारायला लावल्या?”

“मी,” शांभवी म्हणाली. “फोटोत लोंबते धागे चांगले दिसत नव्हते. आणि ऑर्डर आली की लगेच पाठवता यावं म्हणून सगळा माल तयार हवा होता.”

“अग बाई माझे,” आत्ती म्हणाली. “लहानपणी बाच्या मांडीवर बसून बाजार केलास तू. शेवटची गाठ तो कधी मारायचा?”

शांभवीला आठवलं. गिऱ्हाईक समोर उभं राही, अप्पा विचारत, “नाव काय बैलाचं?” तो सांगे. अप्पा ओठांतल्या ओठांत ते नाव घेत आणि धागे एकत्र ओढून गाठ मारत. “पण ती तर गिऱ्हाईक खूश करायची बोलण्याची ढब होती ना?” ती म्हणाली.

“ढब न्हाय ती,” आत्ती म्हणाली. “आमच्या बापापासनं चालत आलंय. उघडा धागा म्हणजे कोरा साज. गाठ बसली म्हणजे तो एका जनावराचा झाला. चार तालुक्यांत सगळ्यांना म्हाईत हाय. त्यात तू किंमत निम्मी केलीस, म्हणजे वर शिक्काच मारलास.”

“पण गेल्या वर्षी चाळीस जोड्या ऑनलाइनच गेल्या की! तेव्हा कुणी काही म्हटलं नाही.”

“तवा तुझी आई हुती. तू पुण्यात बसून फोटो टाकत हुतीस. हिकडं ती एकेकाला फोन लावून बैलांची नावं विचारायची आणि सिद्धूला सांगायची. मग गाठ, मग खोकं.”

शांभवी तिथंच एका घराच्या पायरीवर बसली. आई गेली त्या दिवशीसुद्धा एवढं एकटं वाटलं नव्हतं. ऐंशी जोड्या. एकशेसाठ गाठी. आणि त्या एकशेसाठ गाठी अप्पांनी मारल्या होत्या, तिच्या एका शब्दावर, एकही नाव न घेता. त्यांना माहीत होतं. मारताना त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी ते बोलले नव्हते.

सकाळी घरी परतल्यावर तिनं अप्पांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. मठातलं, गाठींचं, आणि निम्म्या किमतीचंही. पौर्णिमा चार दिवसांवर होती. लपवून ठेवायला आता काही उरलंच नव्हतं.

“तुम्ही बोलला का न्हाईसा, अप्पा?”

अप्पांनी बाहेर बघितलं. “तू म्हणालीस म्हणून मारल्या. मला वाटलं, आता हे असंच असंल. नावं इचारणारी गेली, तर नावं कशाला पायजेत.”

ती रडायला लागली. अप्पांनी तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “निम्मी किंमत केलीस व्हय.” एवढंच. रागानं नाही, ओरडून नाही. मग ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जाताना म्हणाले, “सम्राटला फोन कर. सोमवारी येऊन मापं घे म्हणावं.”

दुपारचं ताट तसंच्या तसं परत आलं. रात्रीचंही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला.

शांभवीनं सेलची लाल पट्टी काढून टाकली. मग कुरिअरवाल्याला विचारलं, आज ऑर्डर आली तर सीमेकडच्या गावांत कधी पोचेल. तो म्हणाला, “मॅडम, आता बेंदूर झाल्यावरच. तिकडची गाडी दोन दिवसांनी एकदा जातीय.” म्हणजे रस्ताही बंद. काही विकलं जाणार नव्हतं, हे आता तिला कळून चुकलं होतं. तरीही ती मागच्या खोलीत गेली, एक कंडा मांडीवर घेतला आणि गाठ सोडवायला बसली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या गाठी तिनं मारायला लावल्या होत्या, बस्स.

गाठ दगडासारखी बसली होती. नखं मोडली. तिनं कात्री घेतली. गाठ तुटली आणि तिच्याबरोबर अख्खा गोंडा सुटून लाल-हिरव्या लोकरीचा ढीग तिच्या मांडीवर सांडला. तिनं दुसरा घेतला. त्याचंही तेच झालं. तिसऱ्याला कात्री लावली तेव्हा दारात सावली पडली.

“कात्रीनं न्हाय,” अप्पा म्हणाले.

तिनं वर बघितलं नाही. डोळ्यांतलं पाणी मांडीवरच्या लोकरीवर पडत होतं.

“कात्री लावलीस तर परत करायला दोन दिवस लागतील एकेकाला. वेडी हायस का. दाभण आण. त्या कपाटात हाय, कापडात.”

ती उठली आणि दाभण घेऊन आली. अप्पा जमिनीवर बसले, कंडा घेतला, दाभणाचं टोक गाठीच्या पोटात हळूच खुपसलं आणि डावी-उजवीकडं हलवलं. बोटं थरथरत होती. कालपासून उपाशी माणूस. एक गाठ सुटायला बराच वेळ लागला. सुटली तेव्हा धागे मोकळे होऊन लोंबले आणि अप्पांनी ते तळव्यानं विंचरल्यासारखे सरळ केले.

“दे दुसरा,” ते म्हणाले.

तिनं दुसरा दिला. आणि मग एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं फोन काढला. उघड्या धाग्यांचा, अप्पांच्या थरथरत्या बोटांचा, दाभणाचा छोटा व्हिडिओ काढला. खाली लिहिलं: ‘चूक माझी होती. गाठी मी आधीच मारायला लावल्या. सिद्धलिंग अप्पा त्या एकेक सोडवत आहेत. साज कोरा आहे. किंमत पूर्ण, सूट नाही. बैलांची नावं सांगा, गाठ तुमच्या डोळ्यांसमोर मारली जाईल.’ दुकानाच्या पानावर टाकलं, आणि आत्तीला पाठवलं. आत्तीनं ते मठाच्या गटात टाकलं, आणि वर आपल्या पदरचं लिहिलं, ‘धोंडुबाईनं आधी बघावं.’

तासभर काही झालं नाही. अप्पांनी चौथी गाठ सोडवली. शांभवी फोनकडं बघत नव्हती. बघायची हिंमत नव्हती.

मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी एक मोठं पागोटं, मग गोठ्याचं छप्पर, मग बैलाची नाकपुडी.

“सिद्धलिंगा! दिसतोय का मी?”

“बैल दिसतोय, तात्या,” अप्पा म्हणाले.

“बैलच बघ. मला काय बघतोस. हे बघ, ह्यो पाखऱ्याचा पोरगा. ह्याचं नाव मल्ल्या. आणि पलीकडं त्यो उभा हाय, त्यो आमदार.”

“आमदार?”

“खातोय लई, ओढत न्हाय. नातवानं ठेवलंय नाव. आता तेच बसलं.”

अप्पांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी सोडवलेला कंडा उचलला, फोनपुढं धरला, धागे दोन्ही मुठींत घेतले. “मल्ल्या,” ते म्हणाले, आणि गाठ ओढली. दुसरा घेतला. “आमदार.” ओढली. गोठ्यात कुणीतरी बाई हसली. पिराजीतात्या हसले नाहीत. त्यांनी फोनला हात जोडले, पागोट्यासकट.

“किती द्यायचं?”

“पुरी किंमत,” अप्पा म्हणाले.

“मग, पुरीच देणार. निम्मं देऊन काय माझ्या बैलाची लाज काढू?”

पोचवायचं कसं, हा प्रश्न तात्यांनीच सोडवला. त्यांच्या गावाचं दूध पहाटे कोल्हापुरात यायचं आणि रिकामे कॅन घेऊन टेम्पो दुपारी परत जायचा. टेम्पोवाला उदयसिंह. तो दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दारासमोर येऊन हॉर्न मारत उभा राहिला. “साज कुणाचा हाय तो द्या. आणि पोरी, दुधाचा वास लागला तर मला बोलायचं न्हाय. बैलाला आवडतोय.”

पुढचे दोन दिवस असेच गेले. एक गाठ सोडवायला पाव तास, कधी अर्धा. बोटं दुखली की अप्पा हात गरम पाण्यात बुडवून बसायचे आणि परत दाभण घ्यायचे. भाकरी मागून घ्यायचे, अर्धी खायचे, पण मागायचे. फोन यायचे. कुणी गोठा दाखवायचं, कुणी बैलांना नदीवर धुताना दाखवायचं. एका बाईनं बैलाचं नाव सांगताना लाजून सांगितलं, कारण ते तिच्या सासऱ्याच्या धाकट्या भावाचं होतं. धोंडुबाईचाही फोन आला. सॉरी म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “आमच्या दोघांची नावं हरण्या आणि बसव्या. नीट घे नाव. मागं एकदा तू आधीच्या हरण्याला हरणी म्हटलंतास.” अप्पा म्हणाले, “तीस वर्सं झाली की गं त्याला.” ती म्हणाली, “मग काय झालं.”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी उदयसिंहाचा टेम्पो शेवटचा गेला. त्यानंतर फोन येत राहिले, पण पोचवायचं काही साधन नव्हतं. एका गावाहून एक माणूस म्हणाला, “दोन दिवस आधी कळलं असतं तर!” शांभवीनं फोन ठेवला आणि ओंजळीत तोंड लपवलं. ते दोन दिवस तिनं निम्म्या किमतीच्या पट्टीपायी घालवले होते.

कर्नाटकी बेंदूर पार पडला. तिनं मोजलं. पहिल्या दोन धरून एकवीस जोड्या गेल्या होत्या. एकोणसाठ मागच्या खोलीत तशाच होत्या. अप्पांच्या शब्दाप्रमाणं माल उठला नव्हता.

सोमवारी सम्राट आला. मापाची फीत, वही आणि एक भिडस्त चेहरा घेऊन. “मामा, मी आईला म्हटलं हुतं, घाई न्हाय. पण तुम्हीच बोलवलासा म्हणून.”

“व्हय. ये की, बस.”

शांभवी दारात उभी होती. सम्राटनं भिंतीला फीत लावली. “इथनं इथपर्यंत अकरा फूट. मामा, ह्यो माल कुठं हलवायचा?”

अप्पा त्या ढिगापाशी गेले. मग चष्मा चढवला, ढिगातून एक कंडा ओढला आणि दाभण शोधायला लागले.

“फीत गुंडाळ, सम्राट,” ते म्हणाले. “ह्या गाठी अशा ठेवून कसं चालंल? शंभराच्या वर हायत. बिननावाच्या. मीच मारल्यात. सोडवल्याबिगर मला झोप लागायची न्हाय.”

“आणि सोडवून झाल्यावर, मामा?”

“आषाढातल्या बेंदरवाल्यांना इचारू. घेतील तर घेतील.”

“न्हाय घेतलं तर?” सम्राटनं विचारलं. वाईट हेतूनं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

“न घेऊ देत. मला काय म्हाईत? पण माल कोरा तरी दिसंल.”

सम्राटनं फीत गुंडाळली. शांभवी खाली बसली आणि अप्पांच्या पुढ्यात कंड्यांची रांग लावायला लागली. आषाढाची पौर्णिमा महिन्यावर होती. एका दिवसात चार-पाच गाठी धरल्या तर जमण्यासारखं होतं, फक्त अप्पांची बोटं टिकायला हवी होती. तिनं या वेळी कुठली पट्टी लावायची, किती आधी लावायची, याचा हिशेब केला नाही. आषाढवाल्या गावांत कुणाकुणाकडं बैल आहेत, ते कुणाला विचारायचं, एवढंच मनात घोळवत होती.

अप्पा पहिल्याच गाठीशी झटत होते. दाभण आत जाईना. त्यांनी कंडा उजेडाकडं फिरवला, डोळे बारीक केले.

“कुठल्या गाढवानं एवढी घट्ट मारलीया ही?”

“तुम्हीच, अप्पा.”

अप्पांनी दाभण परत टेकवलं. “व्हय,” ते म्हणाले. “लईच घट्ट मारली.”